बातमीतील स्त्री आणि चित्रातील स्त्री

व्यक्तिचित्र कोणाचे काढावयाचे, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरात त्या त्या समाजाची मूल्ये दडलेली असतात. युरोपातील जुन्या चित्रसंग्रहांतून राजे, सेनापती, धर्मगुरू आणि धनिक व्यापारी ह्यांच्या तसबिरी भिंतीभर दिसतात. स्त्रियाही दिसतात, पण बहुधा कोणाची तरी राणी, कोणाची तरी पत्नी किंवा पुराणकथेतील देवता म्हणून. समाजाच्या मनातून उतरलेल्या स्त्रीचे चित्र निघालेच, तर ते पुष्कळदा उपदेशासाठी किंवा कुतूहलासाठी निघे. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात लंडनमधील एका तरुण चित्रकर्त्रीने ह्या रूढीला धक्का दिला. तिचे नाव पॉलिन बोटी.

पॉलिनचा जन्म १९३८ साली लंडनच्या दक्षिण उपनगरात, एका मध्यमवर्गीय कॅथॉलिक कुटुंबात झाला. तीन भावांच्या पाठीवरची ही एकुलती एक मुलगी. तिच्या आईला तरुणपणी लंडनच्या प्रसिद्ध स्लेड कलाशाळेत शिकावयाचे होते. पण वडिलांनी ते होऊ दिले नाही. पॉलिनच्या बाबतीतही घरात विरोध होताच. तरी १९५४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ती विंबल्डनच्या कलाशाळेत दाखल झाली. तिच्या रूपामुळे तेथे तिला 'विंबल्डनची बार्दो' हे टोपणनाव पडले. ब्रिजित बार्दो ही त्या काळची गाजलेली फ्रेंच चित्रतारका. ह्या नावात कौतुक होते, तसे एक संकटही होते; कारण पुढे आयुष्यभर लोकांनी तिचा चेहरा आधी पाहिला आणि तिचे काम मागाहून.

१९५८ मध्ये ती लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेली. चित्रकलेच्या विभागात स्त्रियांना प्रवेश मिळणे कठीण, म्हणून तिने काचचित्रांचा विभाग पत्करला. चर्चच्या खिडक्यांतून शिशाच्या रेषांनी जोडलेली जी रंगीत काच आपण पाहतो, तीच ही कला. ह्या विद्येत तिने स्वतःचे जे व्यक्तिचित्र घडविले, ते आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. रंगाचे सपाट तुकडे एकमेकांशेजारी बसवून त्यांत एक चेहरा उजळविण्याची जी दृष्टी तेथे दिसते, तिची आठवण तिच्या पुढच्या तैलचित्रांतही होते.

त्याच सुमारास इंग्लंडात 'पॉप आर्ट' ह्या नावाची चळवळ जोर धरीत होती. जाहिराती, सिनेमाची भित्तिपत्रके, मासिकांतील छायाचित्रे, डब्यांवरची वेष्टने हे सारे चित्रकलेचे साहित्य होऊ शकते, असे ह्या कलावंतांचे म्हणणे. १९५६ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीतील प्रदर्शनाच्या निमित्ताने रिचर्ड हॅमिल्टनने केलेले चिकटचित्र ह्या संप्रदायाचे आद्य उदाहरण मानले जाते. त्यात एका आधुनिक घरात, नव्या नव्या यंत्रवस्तूंच्या मध्ये, एक विवस्त्र स्त्री बसलेली आहे. घरातील इतर वस्तूंसारखीच तीही एक वस्तू! हॅमिल्टनला कदाचित त्या ग्राहकवृत्तीची थट्टाच करावयाची असेल. पण जाहिरातीत जी स्त्री विकण्याच्या वस्तूबरोबर शोभेसाठी उभी केली जाते, तीच पॉप चित्रांतही पुनःपुन्हा आली, हे खरे.

पॉलिननेही तेच साहित्य वापरले. मात्र त्यातून तिने वेगळा अर्थ काढला. हा भेद मेरिलिन मन्रोच्या चित्रांत स्पष्ट होतो. ऑगस्ट १९६२ मध्ये मेरिलिनचा मृत्यू झाला. त्यानंतर लवकरच अमेरिकेत अँडी वॉरहॉलने तिच्या एकाच छायाचित्राच्या पन्नास प्रतिमा छापल्या; पंचवीस भडक रंगांत आणि पंचवीस काळ्या-पांढऱ्या, पुसट होत जाणाऱ्या. कीर्ती माणसाचा मुखवटा कसा करते, हे त्यात परिणामकारकपणे दिसते. पॉलिननेही त्याच वर्षी मेरिलिनला रंगविले. पण तिच्या चित्रात गुलाबांमध्ये हसणारा एक चेहरा आहे आणि दोन्ही बाजूंनी करड्या रंगाचे पट्टे त्याला वेढून आहेत. वॉरहॉलच्या चित्रात मुखवटा दिसतो. पॉलिनच्या चित्रात हरपलेली मैत्रीण दिसते. 'जगातील एकमेव सुवर्णकेशी' अशा अर्थाचे नाव असलेले तिचे १९६३ चे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. हिरव्या, सपाट आकृतींच्या मधल्या फटीतून मेरिलिन लगबगीने चालत जाते. पाहणारा तिला पुरते पकडू शकत नाही.

ह्याहून धाडसाचे चित्र तिने १९६३ मध्येच रंगविले. त्या वर्षी ब्रिटनमध्ये प्रोफ्यूमो प्रकरण गाजले. युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो ह्याचे क्रिस्टीन कीलर ह्या तरुणीशी संबंध होते. सोव्हिएत वकिलातीतील एका अधिकाऱ्याशीही तिची ओळख होती. मार्चमध्ये प्रोफ्यूमोने पार्लमेंटपुढे हे संबंध नाकारले आणि जूनमध्ये खोटे उघडे पडल्यावर राजीनामा दिला. वृत्तपत्रांना महिनोन् महिने खाद्य मिळाले ते मात्र कीलरचे. संबंध सुरू झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, ह्याचा विचार थोड्यांनीच केला. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या एका खटल्यातील खोट्या साक्षीबद्दल तिला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. पार्लमेंटशी खोटे बोललेल्या प्रोफ्यूमोला पुढे समाजसेवेबद्दल १९७५ मध्ये राजसन्मान मिळाला. कीलर २०१७ मध्ये वारली, तोपर्यंत ते प्रकरण तिच्या नावाला चिकटूनच राहिले.

पॉलिनने ह्या प्रकरणावर 'स्कँडल '६३' हे चित्र काढले. खुर्चीवर उलटी बसलेल्या कीलरचे लुई मॉर्लेने घेतलेले छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्याच बैठकीचा आधार तिने घेतला. प्रकरणाशी संबंधित पुरुषांचे चेहरे तिने वरच्या पट्टीत ओळीने बसविले आणि चित्राचा मुख्य भाग कीलरला दिला. बातमीत जी आरोपी होती, ती चित्रात नायिका झाली. चित्रकर्त्रीने तिला निर्दोष ठरविले नाही, की तिच्या वतीने वकिलीही केली नाही; ज्या मानाने मंत्र्याची तसबीर काढली जाते, त्या मानाने तिची काढली, एवढेच. परंतु त्या वर्षी एवढे करणे हेही थोडे नव्हते.

पुढच्या दोन वर्षांत 'हे पुरुषांचे जग' अशा नावाची दोन चित्रे तिने रंगविली. पहिल्यात आइन्स्टाइन, लेनिन, एल्विस प्रेस्ली, बीटल्स असे पराक्रमी पुरुष आहेत. त्यांच्याबरोबर बाँबफेकी विमान आणि केनेडीची हत्याही आहे. दुसऱ्यात विवस्त्र स्त्रीदेहांची गर्दी. पुरुष नावाने ओळखले जातात आणि स्त्रिया नुसत्या देहाने, हा आरोप तिने एकही शब्द न लिहिता दोन चित्रफलक शेजारी ठेवून केला. १९६३-६४ मध्ये बी. बी. सी. नभोवाणीवरील भाषणांतूनही ती आपली मते निर्भीडपणे मांडीत असे.

दुर्दैव असे की, जो अन्याय तिने रंगविला तोच तिच्या वाट्याला आला. मार्च १९६२ मध्ये केन रसेलच्या दूरचित्रवाणीपटात पीटर ब्लेक, डेरेक बॉशियर व पीटर फिलिप्स ह्यांच्या बरोबरीने ती झळकली. पण नियतकालिकांना तिच्या कुंचल्यापेक्षा तिच्या रूपाचे अगत्य अधिक. १९६५ मध्ये ती गर्भवती असताना तिला कर्करोग असल्याचे आढळले. बाळाला इजा होईल म्हणून तिने उपचार नाकारले. फेब्रुवारी १९६६ मध्ये तिला मुलगी झाली आणि १ जुलै १९६६ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ती निवर्तली. तिची चित्रे भावाच्या शेतावरील कोठारात जवळजवळ तीस वर्षे पडून होती. ब्रिटिश पॉप कलेचे इतिहास लिहिले गेले; त्यांत तिचे सहकारी राहिले आणि ती वगळली गेली. अखेर डेव्हिड मेलर ह्या कलेतिहासकाराने ती चित्रे शोधून काढली आणि १९९३ मध्ये लंडनच्या बार्बिकन केंद्रातील प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. २०१३ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन येथे तिच्या कामाचे स्वतंत्र मोठे प्रदर्शन भरले.

'स्कँडल '६३' मात्र आजही सापडलेले नाही. चित्राशेजारी उभ्या असलेल्या पॉलिनच्या छायाचित्रांवरूनच ते जगाला ठाऊक आहे. ज्या छायाचित्रकारांना तिचा चेहरा हवा होता, त्यांच्याच कॅमेऱ्याने तिच्या चित्राची एकमेव साक्ष जपून ठेवली. तिची इतर चित्रे कोठारातून निघाली, कारण कोणी तरी तेथे जाऊन ती पाहण्याची तसदी घेतली. आणखी किती घरांच्या माळ्यांवर आणि पेट्यांत अशी कामे पडून असतील, ह्याचा हिशेब अजून कोणी केलेला नाही.