मोजले म्हणून कळले

रक्तातील साखर वाढली म्हणजे शरीरात इन्सुलिन कमी पडले, असे समीकरण आपण शिकतो आणि शिकवतो. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले, तेव्हा डॉक्टरांचीही हीच समजूत होती. ती खोटी नव्हती, पण अपुरी होती. तिचे अपुरेपण सिद्ध व्हायला चार दशके लागली. आणि भारतीयांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे उमगायला आणखी चार.

पहिली शंका १९३६ साली लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी मांडली. रुग्णाला एकाच वेळी तोंडाने ग्लुकोज आणि शिरेतून इन्सुलिन द्यायचे व रक्तातील साखर मोजत राहायची, अशी त्यांची चाचणी होती. काहींची साखर आटोक्यात राही. काहींची मात्र इन्सुलिनला दाद न देता वाढत जाई. यावरून मधुमेह दोन प्रकारचा असावा, असे त्यांनी म्हटले. पण रक्तात मुळात इन्सुलिन किती आहे, हे नेमके मोजण्याची रीत तेव्हा नव्हती.

ती रीत न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली. किरणोत्सारी आयोडीनची खूण केलेले इन्सुलिन त्यांनी प्रतिपिंडांना चिकटवले. रुग्णाच्या रक्तातले इन्सुलिन जितके जास्त, तितके हे खुणेचे इन्सुलिन प्रतिपिंडांवरून हटते. किती हटले ते मोजले की झाले! १९६० साली त्यांनी दाखवले, की प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर असते. किल्ल्या होत्या, कुलूपच गंजले होते. या मोजणीच्या तंत्रासाठी यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्याआधीच, १९७२ मध्ये वारले होते.

कुलूप गंजले की शरीर काय करते? स्वादुपिंड जास्त इन्सुलिन स्रवते आणि साखर कित्येक वर्षे काबूत ठेवते. मात्र त्याची किंमत इतर अवयव मोजतात. यकृत रक्तात अधिक ट्रायग्लिसराइड सोडते, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात. १९८८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्डचे जेराल्ड रीव्हन यांनी हे धागे एकत्र गुंफले. वाढती साखर, वाढता रक्तदाब, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि घटलेले उपकारक एच.डी.एल. कोलेस्टेरॉल ही चार दुखणी एकाच माणसात वारंवार आढळतात, कारण त्यांच्या मुळाशी इन्सुलिनला होणारा विरोध आहे, असे त्यांनी मांडले. या समूहाला त्यांनी ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले. पुढे ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’, म्हणजे चयापचयाच्या बिघाडाचा लक्षणसमूह, हे नाव रूढ झाले.

२००१ साली अमेरिकेत या चार लक्षणांना कमरेचा घेर जोडला गेला आणि पाचांपैकी तीन आढळल्यास सिंड्रोम, असे ठरले. घेराची मर्यादा होती पुरुषांना १०२ आणि स्त्रियांना ८८ सेंटिमीटर. ही फूटपट्टी पाश्चात्त्य शरीरांवर बेतलेली होती. आपल्याकडे ९२ सेंटिमीटर कमरेचा मधुमेही पुरुष मुळीच दुर्मिळ नाही!

येथे पुण्याचा संबंध येतो. २००४ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. वजनाला (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागून येणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावत, हा फरकही त्यांनी प्रांजळपणे नोंदवला होता. दोन माणसांवरून नियम सिद्ध होत नाही. पण निर्देशांक काय लपवतो, ते मात्र दिसते.

भक्कम पुरावा पुण्याजवळच्या सहा खेड्यांतून आला होता. तेथे १९९३ पासून गर्भवतींचा आहार आणि त्यांच्या बाळांची मापे नोंदवली गेली. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंत आणि पोटाच्या घेरात बरीच कमी होती, पण पाठीवरच्या त्वचेखालील चरबीत फारशी कमी नव्हती. म्हणजे ‘बारीक पण चरबीयुक्त’ ही ठेवण जन्मतःच दिसते.

२००५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने दक्षिण आशियाई लोकांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ठरवली. त्याच वर्षी अमेरिकी आणि युरोपीय मधुमेह संघटनांनी, हे नाव लावल्याने प्रत्येक दोषावर स्वतंत्र उपचार करण्यापेक्षा अधिक काही साधते का, असा प्रश्न केला. खुद्द रीव्हन यांनाही निदान म्हणून त्याचा उपयोग पटत नव्हता. तेव्हा हे नाव इशाऱ्यासारखे वापरावे, हे बरे.

वर्गात एक उदाहरण देता येईल. उंची १.७ मीटर, वजन ६४ किलो, अशा दोन काल्पनिक माणसांचा निर्देशांक काढायला सांगा. मग विचारा, या आकड्यातून काय कळले नाही? चर्चा स्नायू, चरबी आणि कमरेपर्यंत आपोआप जाईल. ती आणखी एक पायरी मागे न्यावी. ज्या बाळांची मापे घेतली, त्यांची घडण आईच्या पोटात झाली होती. आज वर्गात बसलेल्या मुलींच्या डब्यात काय आहे, हा प्रश्न म्हणूनच पुढच्या पिढीच्या मधुमेहाचाही आहे.