वृक्षाचे अंतरंग आणि परीक्षकाचा शब्द

कुंभाराकडून मडके घेताना गृहिणी ते वाजवून पाहते. खोडावर लाकडी मोगरी मारून आवाज ऐकण्याची वृक्षपरीक्षकांची जुनी रीत याच जातीची. खोड भरीव की पोकळ एवढे तीवरून उमगते. परंतु पोकळी का झाली आणि ती कोठवर जाणार, हे आवाज सांगत नाही.

यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास एकोणिसावे शतक बरेचसे सरावे लागले. लाकूड प्रथम आपोआप कुजते व मागाहून त्यावर बुरशी उगवते, अशी तोवर समजूत होती. जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग याने हा क्रम उलटा करून दाखविला. खोडाबाहेर दिसणारे बुरशीचे छत्र आणि लाकडात सूक्ष्मदर्शकाखाली आढळणारे तंतू ही एकाच जीवाची अंगे असून कुजणे हे त्या तंतूंचेच कर्तृत्व आहे, असे त्याच्या १८७४ व १८७८ सालच्या ग्रंथांनी प्रस्थापित केले. वृक्षरोगशास्त्राचा पाया तो हाच.

पुढचे पाऊल अमेरिकेच्या वनखात्यातील अ‍ॅलेक्स शायगो यांनी टाकले. यांत्रिक करवतीने त्यांनी हजारो खोडे आडवी नव्हे, तर उभी चिरून पाहिली. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड रोगट भागाभोवती जणू भिंती उभारून त्याला कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढविते, हा सिद्धांत त्यांनी १९७७ साली मांडला. यातून एक अवघड गोष्ट निष्पन्न झाली. परीक्षेसाठी खोडात घातलेले गिरमिट ती भिंतच भेदू शकते! रोग्याची नाडी पाहताना वैद्याने त्याला ओरखडा काढावा, तशातला हा प्रकार.

म्हणून नवी साधने आली. एका यंत्राची बारीक सुई लाकडात शिरताना तिला होणारा विरोध आलेखात उमटतो. छिद्र लहान, पण छिद्र पडतेच. दुसऱ्या यंत्रात खोडाभोवती संवेदक बसवून हलके ठोके देतात. कुजलेल्या भागातून ध्वनी मंद जातो, आणि त्या विलंबावरून गणकयंत्र खोडाच्या छेदाचे रंगीत चित्र काढते. मालकाला हे चित्र फार पटते. किंबहुना वाजवीपेक्षा अधिक पटते. साधी चीरही ध्वनीची वाट अडविते आणि चित्रात पोकळीएवढी मोठी दिसू शकते, हे त्याला समजावून सांगावे लागते. जर्मनीतील क्लाउस मात्थेक यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात एक ठोकताळाही दिला: निरोगी कवचाची जाडी त्रिज्येच्या सुमारे तीन-दशांशांहून कमी झाली, की मोडण्याचा धोका वाढतो. पन्नास सेंटिमीटर त्रिज्येच्या खोडाला पंधरा सेंटिमीटर कवच हवे. या नियमावर तज्ज्ञांत पुष्कळ वाद झाला.

मतभेदाची खरी कसोटी अ‍ॅमस्टरडॅम येथे लागली. अ‍ॅन फ्रँक ही मुलगी १९४२ ते १९४४ या काळात जेथे लपून राहिली, त्या घरामागील हॉर्स चेस्टनटचा वृक्ष तिला माळ्याच्या खिडकीतून दिसे. तिच्या रोजनिशीत त्याचा उल्लेख आहे. दीडशे वर्षांहून जुन्या या वृक्षाला गॅनोडर्मा बुरशीने पोखरले होते. २१ नोव्हेंबर २००७ रोजी तो पाडण्याचे ठरले. आदल्याच दिवशी न्यायालयाने मनाई केली.

नगरपालिकेच्या बाजूने किती लाकूड गेले हे पुढे मांडले जाई, तर वृक्ष राखू पाहणारे किती उरले आहे यावर बोट ठेवीत. खोड एकच, पण धोका पत्करण्याची तयारी निरनिराळी. ही तयारी कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही, ती मालकाला विचारावी लागते. अखेरीस २००८ साली वृक्षाला पोलादी सांगाड्याचा आधार दिला गेला. तो आणखी पाच ते पंधरा वर्षे तग धरील, अशी आशा व्यक्त झाली. हा आकडा मोजलेला नव्हता, अंदाजलेला होता. परंतु मोजलेल्या आकड्यांच्या पंक्तीला बसल्यामुळे तोही ऐकणाराला मोजल्यासारखाच वाटला असल्यास नवल नाही.

२३ ऑगस्ट २०१० रोजी वादळी वाऱ्यात वृक्ष जमिनीपासून सुमारे एक मीटरवर मोडला. सांगाडाही त्याला सावरू शकला नाही. कोणाला इजा झाली नाही. त्याच्या बियांपासून वाढविलेली दीडशे रोपे आदल्याच वर्षी शहरालगतच्या वनोद्यानाला देण्यात आली होती.