काचबिंदू आणि दृष्टिपटलातील नीलारोध

दृष्टिपटलातील रक्त परत नेणारी नीला गुठळीमुळे तुंबणे म्हणजे नीलारोध. काचबिंदूशी त्याचे नाते दुहेरी आहे. जुना काचबिंदू नीलारोधाला वाट करून देतो. उलट नीलारोधानंतर निराळ्याच जातीचा, फार घातक काचबिंदू उद्‌भवू शकतो. पहिल्या घडामोडीला वर्षे लागतात, दुसरीला काही आठवडे पुरतात.

शारीररचना : दृष्टिपटलाची मध्यवर्ती रोहिणी व नीला दृष्टितंत्रिकेच्या गाभ्यातून एकमेकींना चिकटून जातात. नेत्रगोलाच्या मागील भिंतीत असलेल्या चाळणीपटलाच्या छिद्रांतून तंत्रिकेचे दहा लाखांच्या आसपास तंतूही बाहेर पडत असल्याने तेथे जागा मुळातच अपुरी असते. नीलेची भिंत पातळ असते. वयाने किंवा रक्तदाबाने रोहिणी कडक झाली की नीला दबते. डोळ्यातील दाब (सर्वसाधारणपणे १० ते २१ मिमी. पारा) वाढलेला राहिल्यास चाळणीपटल मागे रेटले जाते, नीला तेथेच मुरडते आणि मंदावलेल्या प्रवाहात गुठळी धरते. ग्रीन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अशा २९ डोळ्यांचे छेद तपासले, तेव्हा गुठळी चाळणीपटलात किंवा त्याच्या लगेच मागे आढळली.

इतिहास : मिशेल यांनी १८७८ मध्ये मध्यवर्ती नीलेतील गुठळीचे वर्णन केले. जुनाट काचबिंदूचा या रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम अमेरिकन विकृतितज्ज्ञ व्हरहॉफ यांनी १९१३ मध्ये मांडला. १९९६ च्या अमेरिकन तुलनात्मक पाहणीत मध्यवर्ती नीलारोधाशी उच्च रक्तदाब व मधुमेह यांच्याबरोबर खुल्या कोनाचा काचबिंदूही जोडलेला दिसला. मात्र दाब हेच थेट कारण, की दोन्ही विकारांमागे रक्तवाहिन्यांचा एकच दोष, याविषयी एकमत नाही. शाखा-नीलारोध बहुधा रोहिणी व नीला एकमेकींना ओलांडतात तेथे होतो. तेथे काचबिंदूचा वाटा कमी मानतात.

निदानातील फसगत : नीलारोधानंतर बाधित डोळ्यातील दाब काही काळ उतरतो. त्या एका डोळ्याच्या मोजणीवर विसंबल्यास मुळातला काचबिंदू नजरेतून सुटतो. म्हणून दुसऱ्या डोळ्याचा दाब, तंत्रिकाबिंबाचा खोलगटपणा व दृष्टिक्षेत्र तपासणे आवश्यक ठरते.

नववाहिनीजन्य काचबिंदू : बहुतेक नीलारोध सौम्य असतात. ज्यांत दृष्टिपटलाच्या मोठ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, त्यांत प्राणवायूला मुकलेल्या पेशी रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारे प्रथिन (व्हीईजीएफ) सोडतात. ते डोळ्याच्या पुढील भागात झिरपते आणि बाहुलीच्या काठावर लाल, केसाहून बारीक वाहिन्या उगवतात. पुढे त्यांच्याबरोबरचा तंतुमय पापुद्रा नेत्रजल जेथून निचरते त्या कोनावर पसरून आकसतो, निचरा बंद होतो आणि दाब भडकतो. साधारण तीन महिन्यांत हे घडत असल्याने ‘शंभर दिवसांचा काचबिंदू’ हे नाव रूढ झाले. पंजाबात जन्मलेले व आयोवा विद्यापीठात काम केलेले सोहनसिंग हेयरे यांच्या निरीक्षणानुसार गंभीर प्रकारातील सुमारे निम्म्या डोळ्यांवर ही पाळी येते.

बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर या बारीक वाहिन्या दिसेनाशा होतात. त्यामुळे स्लिट लॅम्पवरील तपासणी व आरशाच्या भिंगाने कोन पाहणे ही दोन्ही कामे थेंबांआधीच उरकावी लागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमके हेच राहून जाते.

उपचार : अमेरिकेतील मध्यवर्ती नीलारोध अभ्यासाच्या १९९५ मधील निष्कर्षानुसार आगाऊ लेझरने नववाहिन्या पूर्णतः टळत नाहीत, त्या दिसताच संपूर्ण दृष्टिपटलावर लेझर द्यावा, पण रुग्णावर वरचेवर लक्ष ठेवावे. बेव्हासिझुमॅब किंवा रॅनिबिझुमॅबच्या इंजेक्शनाने वाहिन्या काही दिवसांत कोमेजतात, परंतु परिणाम तात्पुरता असतो. दाबासाठी टिमोलॉल, डॉर्झोलामाइड हे थेंब वापरतात. पायलोकार्पिन दाह वाढवत असल्याने टाळतात. थेंब अपुरे पडल्यास निचऱ्याची नळी बसवतात. त्यासाठी मदुराईच्या ऑरोलॅबचे स्वस्त उपकरण भारतात उपलब्ध आहे.

स्टेरॉइड : नीलारोधामुळे येणाऱ्या पीतबिंदूच्या सुजेवर दिलेल्या ट्रायअम्सिनोलोन किंवा डेक्सामेथासोनमुळेही दाब चढतो, काचबिंदूच्या रुग्णांत हा धोका अधिक.

रोहिणीरोध : यानंतरही नववाहिन्या येऊ शकतात, त्यांचे प्रमाण वादग्रस्त आहे.



पाठपुरावा : वर उल्लेखिलेल्या मध्यवर्ती नीलारोध अभ्यासात सुरुवातीला सौम्य वाटलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश डोळे तीन वर्षांत गंभीर गटात गेले. म्हणून पहिले सहा महिने दरमहा तपासणी करतात. बाधित डोळ्याची दृष्टी परत आली वा न आली, दुसऱ्या डोळ्यात काचबिंदू आढळला असल्यास त्याचे थेंब आजन्म चालू ठेवावे लागतात.