तिकीट, पडदा आणि टाळी

मराठी माणसाला ‘बँड’ हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो लग्नाच्या वरातीत. लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर, कोटाशी कसलंही नातं न सांगणारी पँट आणि गालांचे फुगे करून वाजवलेलं क्लॅरिनेट. हा बँड पाहायला कुणी मुद्दाम जात नाही. तोच आपल्या दारावरून जातो. त्याला पैसे द्यायचे ते वाजवण्याबद्दल, आणि नवरदेवाचे मामा चौकात नाचायला लागलेच तर पुढे सरकण्याबद्दल.

त्यामुळे २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी दुपारी बारा वाजता, चार ब्रिटिशांचा एक बँड पाहता यावा म्हणून सुमारे १ कोटी ३० लाख माणसं तिकिटाच्या ऑनलाइन रांगेत उभी राहिली, हे ऐकून आमच्या शेजारच्या आजोबांनी “लग्न कुणाचं आहे?” असं विचारलं, यात त्यांचं काहीच चुकलं नाही. १ कोटी ३० लाख म्हणजे किती? २०११ च्या जनगणनेत सबंध नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख भरली होती. म्हणजे पाळण्यातल्या पोरांसकट दोन नाशिक जिल्हे, वर आठ लाख पाहुणे!

बँडचं नाव कोल्डप्ले. कार्यक्रम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, १८ आणि १९ जानेवारी २०२५ रोजी. मागणी पाहून त्याच दिवशी २१ तारीखही जोडली गेली. पंगत वाढली की मागच्या अंगणात पाट मांडतात, तशी. तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. माझी पुतणी त्या रांगेत होती. रांगेत म्हणजे आमच्याच दिवाणखान्यात, सोफ्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. तिच्यापुढे साडेचार लाख माणसं होती, आणि तरीही ती उठून पाणी प्यायला तयार नव्हती. जागा जाईल म्हणाली.

या सगळ्यावर नाशिककरानं बोलावं का, असं कुणी विचारील. मी म्हणतो, नाशिककरानंच बोलावं. कारण गाणं तिकीट लावून चारचौघांत आणणारा माणूस आणि पडद्यावर माणसं हलवून दाखवणारा माणूस, हे दोघंही आमच्याच गोदाकाठी राहून गेले. इतर गावांना एक तरी मिळाला का?

पहिले पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. जन्म कुरुंदवाडचा, १८७२ चा. लहानपणी फटाका तोंडाशी उडाला आणि डोळे अधू झाले, म्हणून गाण्याकडे वळवलेला मुलगा. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून १८९६ मध्ये बाहेर पडला. त्या काळी गाणं राजवाड्यात असे किंवा देवळात. राजवाड्यात जायला राजा ओळखीचा लागे आणि देवळात देव. या गृहस्थानं सौराष्ट्रात थोडक्या पैशांचं तिकीट लावून सर्वांसाठी जाहीर मैफल केली. म्हणजे ज्याच्या खिशात चार पैसे, तो त्या रात्रीपुरता संस्थानिक! पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि तेही लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालवलं. उतारवयात ते नाशिकला आले, पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढून राहिले आणि १९३१ मध्ये गेले. साडेचार लाखाव्या नंबरवर बसलेल्या माझ्या पुतणीचे खरे मूळपुरुष तेच. फक्त त्यांच्या वेळी रांगेला शेवट दिसत असे.

दुसरे दादासाहेब फाळके. हे तर थेट त्र्यंबकेश्वरचे. १९१३ मध्ये मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला आणि त्याच वर्षी कारखाना नाशिकला हलवला. पुढे १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. त्यात राम आणि सीता ही दोन्ही कामं साळुंके नावाच्या एकाच नटानं केली होती, त्यामुळे वनवासात विरह कसा झाला हे रामालाच ठाऊक. पण पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढून हात जोडत. पडद्यावरचा राम काही त्यांच्याकडे बघत नव्हता. बघणार तरी कसा? तो तर तेव्हा नाशिकला पुढच्या चित्रपटाची दाढी करत असेल. तरी हात जोडले जात. घरी टीव्हीवर गाण्याचा कार्यक्रम लागला की आपण जी मान डोलावतो, तिची ही पणजी.

तेव्हा वाचकहो, ‘प्रत्यक्ष बरं की पडद्यावर बरं’ हा वाद आमच्याकडे शंभर वर्षांपासून मुक्कामाला आहे. आमच्या घरात मात्र तो आला दादाच्या रूपानं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, त्या पुतणीचा बाप. कॉलेजात असताना त्याला ‘पोलीस’चं वेड लागलं. पोलीस या खात्याचं नव्हे. ‘द पोलीस’ नावाचा स्टिंग, अँडी समर्स आणि स्टुअर्ट कोपलँड या तिघांचा बँड होता, त्याचं. घरात मात्र ‘दादा पोलिसांच्या नादी लागलाय’ हे वाक्य पाहुण्यांसमोर बोलायची बंदी होती. मित्राच्या मामांनी आखातातून आणलेली कॅसेट दादानं दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली. ती एका गाण्याच्या मधोमध संपली. दादा ते गाणं तिथपर्यंतच म्हणायचा आणि थांबायचा. पुढे तीस वर्षांनी यूट्यूबवर त्यानं ते पूर्ण ऐकलं, तेव्हा “शेवटी उगाच लांबवलंय” असा अभिप्राय दिला.

आणि मार्च १९८० मध्ये हे तिघे चक्क मुंबईला आले! धोबीतलावाच्या रंगभवनात, उघड्या आभाळाखाली वाजवायला. बोलावलं होतं कुणी, तर टाइम अँड टॅलेंट्स क्लब या प्रामुख्यानं पारशी बायकांच्या सेवाभावी संस्थेनं. म्हणजे आपल्याकडच्या भगिनी मंडळानं हळदीकुंकवाला इलेक्ट्रिक गिटार ठेवावी, तसंच हे. नाशिकपासून मुंबई ती काय चार-पाच तासांची. पण दादाची परीक्षा तोंडावर होती, आणि वडिलांनी विचारलेला “कार्यक्रम संपल्यावर रात्री परत येणार कसा?” हा प्रश्न परीक्षेतल्या कुठल्याही प्रश्नाहून अवघड होता. दादा गेला नाही. त्याचा एक मित्र गेला. परत आल्यावर तो मित्र आठवडाभर काही बोलेना, नुसता हसायचा. दादाला त्याचं वर्णनापेक्षा ते हसणंच जास्त लागलं.

पुढे त्याच रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला. देशातली रॉकवेडी पोरं तिथं लोटायची. दादाला तेव्हा नोकरी लागली होती, मग लग्न, मग घराचा हप्ता. जाऊ जाऊ म्हणेपर्यंत २००३ च्या सुमारास ध्वनिप्रदूषणाच्या नियमांपुढे रंगभवनच गप्प झालं. जवळ कॉलेज, जवळ रुग्णालय, म्हणजे शांतता क्षेत्र. ‘पोलीस’ तर त्याच्या कितीतरी आधी मोडला होता. २००७ मध्ये ते तिघे पुन्हा एकत्र आले, वर्षभर जगभर हिंडले, पण भारतात काही फिरकले नाहीत. २००८ पासून आमच्या गंगापूर धरणाजवळच्या द्राक्षमळ्यांत ‘सुलाफेस्ट’ सुरू झाला आणि देशीविदेशी बँड चालत नाशिकला आले, तेव्हा मी म्हटलं, “दादा, आता तरी चल.” तर म्हणाला, “आपला नाही ना त्यात.” काही माणसं एकाच देवाची असतात.

तर पुतणीला अखेर २१ तारखेचं तिकीट मिळालं. कसारा घाट उतरून ती नेरूळला गेली आणि दुसऱ्या दिवशी घसा बसवून परत आली. आम्ही तिला घेरून बसलो. गायक दिसला का? दिसला, मोहरीएवढा. मग? मग मोठा पडदा होता ना, त्यावर पाहिलं. म्हणजे बघा, पलुसकरांचं तिकीट काढून आत जायचं आणि फाळक्यांचा पडदा बघून यायचं! फोनवर तिनं सत्तेचाळीस तुकडे टिपून आणले होते. त्यांत बँड पुसटसा आणि तिची स्वतःची किंकाळी स्वच्छ ऐकू येत होती. हाताला एक पट्टा बांधतात म्हणे. गाण्याबरोबर सगळ्या स्टेडियमचे पट्टे एकदम लाल, एकदम पिवळे होतात. जाताना ते परत द्यायचे, लग्नातल्या भाड्याच्या ताटवाट्यांसारखे. मुख्य गायक ख्रिस मार्टिन प्रेक्षकांतली कुणीही अनोळखी माणसं पडद्यावर दाखवतो आणि त्यांच्यावर तिथल्या तिथे गाणं रचून म्हणतो. तमाशातला सोंगाड्या पुढच्या रांगेतल्या पाटलाला हाक मारतो, तोच प्रकार. फक्त पाटील पन्नास फूट उंच दिसतो.

“मग घरी बसून काय वाईट होतं?” असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “काका, नाशिक ढोल फोनवर ऐकलाय कधी?”

उत्तर बिनतोड होतं. मिरवणुकीत आमचा ढोल कडाडला की खिडक्यांच्या काचा बोलतात आणि पोटातला चहा हलतो. तोच फोनमध्ये टिपून घरी लावा. डालड्याच्या डब्यात कुणी खडे हलवतंय असं वाटतं. ढोलाचा खर्ज कानापेक्षा छातीनं ऐकायचा असतो आणि फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला तेवढी हवा हलवताच येत नाही. पण पोरीला एवढंच म्हणायचं नव्हतं. ढोल ऐकताना शेजारचा अनोळखी माणूसही आपल्यासारखाच हललेला दिसतो, हे तिला म्हणायचं होतं. आपल्याला जे आवडतं ते आणखी हजारोंना तितकंच आवडतं, हे नुसतं माहीत असणं वेगळं आणि दोन्ही खांद्यांना लागणं वेगळं.

२६ जानेवारीला त्याच बँडचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवणार होते. पुतणीनं दादाला टीव्ही लावून दिला आणि मैत्रिणीकडे गेली. दादा आता पासष्टीचा. “आपला नाही,” म्हणत बसला आणि उठलाच नाही. नरेंद्र मोदी स्टेडियमवर लाखभर माणसं होती, प्रेक्षकांत जसप्रीत बुमराह होता, आणि गायकानं त्याच्यावरही दोन ओळी रचून म्हटल्या. कॅमेरा असा फिरत होता की गायकाच्या कपाळावरचा घाम मोजावा. पस्तीस हजारांच्या खुर्चीवरूनही इतकं दिसलं नसतं. पण माझ्या लक्षात आलं, दादा गायकाकडे बघतच नव्हता. कॅमेरा प्रेक्षकांवर गेला की तो पुढे सरकून बसायचा. ‘पोलीस’च्या जगप्रवासावर १९८२ मध्ये एक चित्रफीत निघाली, तिच्यात मुंबईही आहे. ती तो यूट्यूबवर अशीच बघतो. तिघांना सोडून मागच्या गर्दीत बघतो. मित्र दिसतो का ते शोधतोय, असं सांगतो. मला वाटतं, त्या मित्राशेजारची जागा शोधत असावा.

कार्यक्रम संपला. लाखभर माणसांनी टाळ्या वाजवल्या. आणि आमच्या दिवाणखान्यात दादानंही वाजवल्या, चांगल्या जोरात. स्वयंपाकघरातून वहिनीनं विचारलं, “कोण आलंय?”

दादा थांबला. आपल्या हातांकडे बघितलं. पडद्यावरून माणूस आपल्यापर्यंत येतो, पण आपली टाळी काही तिकडे पोचत नाही. ती फार तर स्वयंपाकघरापर्यंत जाते. ‘लंकादहन’च्या प्रेक्षकांचं तेच झालं असणार. मात्र देवाला नमस्कार पोचतो अशी त्यांची श्रद्धा तरी होती.

रात्री पुतणी घरी आली, तेव्हा दादानं टीव्हीचा रिमोट नीट टेबलावर ठेवला आणि पेपरात डोकं घालून म्हणाला, “पुढच्या वेळी कुणीही येवो, तुझ्याबरोबर माझाही नंबर लाव. कितीवा का असेना.”