केसरबाई केरकर यांच्या ध्वनिमुद्रिका

सुरश्री केसरबाई केरकर (१३ जुलै १८९२ – १६ सप्टेंबर १९७७) या जयपूर-अत्रौली घराण्याच्या श्रेष्ठ ख्यालगायिका होत. त्यांच्या ध्वनिमुद्रिका संख्येने मोजक्या असून त्यांपैकी बहुतेक तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत. मात्र त्यांची मैफल प्रत्यक्ष न ऐकलेल्या पिढ्यांना त्यांच्या गायकीचा परिचय मुख्यतः या ध्वनिमुद्रिकांमधूनच होतो.

पार्श्वभूमी

केसरबाईंचा जन्म गोव्यातील केरी या गावी झाला. बालपणी कोल्हापूर येथे अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने आणि पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. मुंबईत आल्यानंतर बरकतुल्ला खाँ व भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांची तालीम १९२१ पासून मिळू लागल्यावर त्यांच्या गायकीला निश्चित वळण लागले.

ध्वनिमुद्रिका

‘एचएमव्ही’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ या कंपन्यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. मैफलीत तासभर चालणारा ख्याल एवढ्या अवधीत बसविताना विस्ताराला कात्री लागणे अटळ होते. केसरबाईंनी अशा मर्यादेतही बंदिशीची मांडणी, आलाप आणि ताना यांचा तोल राखला. नटकामोद, ललितागौरी, कुकुभ बिलावल, मालकंस, तोडी आणि गौड मल्हार या रागांतील त्यांच्या ध्वनिमुद्रिका विशेष प्रसिद्ध आहेत. यांपैकी नटकामोद व ललितागौरी हे जोडराग असून जोडराग व अनवट राग ही या घराण्याची खासियत मानली जाते.

गायनवैशिष्ट्ये

मोकळा व भरदार आकार, दीर्घ दमसास, लयीशी बांधलेली आलापी आणि पल्लेदार ताना हे गुण या ध्वनिमुद्रिकांत स्पष्टपणे जाणवतात. तान द्रुत झाली तरी प्रत्येक स्वर ठसठशीत राहतो आणि तारसप्तकातही आवाज बारीक होत नाही. मात्र ख्यालाची सावकाश होणारी बढत त्यांत अनुभवता येत नाही. या ध्वनिमुद्रिका म्हणजे मैफलीची प्रतिकृती नव्हे, तर रागाचे संक्षिप्त रेखाटन होय. मैफलीतील ध्वनिमुद्रणास त्यांचा विरोध असल्यामुळे त्यांच्या प्रदीर्घ गायनाचे नमुने फार थोडे उपलब्ध आहेत.

व्हॉयेजर यानावरील ध्वनिमुद्रिका

अमेरिकेच्या ‘नासा’ने १९७७ मध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसविलेली आहे. कार्ल सेगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिच्यासाठी जगभरातील संगीताच्या २७ रचना निवडल्या. संगीततज्ज्ञ रॉबर्ट ब्राउन यांच्या शिफारशीवरून त्यांत केसरबाईंच्या ‘जात कहां हो’ या भैरवीचा समावेश झाला. त्या निवडीतील भारतीय संगीताची ही एकमेव रचना आहे. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी अवकाशात झेपावले. त्यानंतर अकराव्या दिवशी केसरबाईंचे निधन झाले. २०१२ मध्ये व्हॉयेजर १ ने, तर २०१८ मध्ये व्हॉयेजर २ ने आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला.

सन्मान आणि वारसा

केसरबाईंना १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९६९ मध्ये ‘पद्मभूषण’ हा किताब मिळाला. त्यांची तालीम मिळालेल्या धोंडूताई कुलकर्णी यांनी ही गायकी पुढे चालविली. गोव्यात केसरबाईंच्या नावाने संगीत समारोह भरविला जातो.