खेळातील दुखापत आणि ओपिऑइड वेदनाशामके : पालकांनी काय काळजी घ्यावी?

दहीहंडीच्या सरावात थरावरून पडून मनगट मोडते, शिवाजी पार्कवर झेल घेताना खांदा निखळतो, कबड्डीत पकड करताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस फार दुखते. अशा वेळी डॉक्टर ट्रॅमाडॉलसारखे ओपिऑइड गटातील औषध देऊ शकतात. ठरावीक दिवस घेतल्यास ते उपयोगी आहे. अडचण सुरू होते ती नंतर, उरलेल्या गोळ्यांपासून.

सवय कशी लागते?

ओपिऑइड औषध वेदनेची जाणीव कमी करते. दुखापत बरी करत नाही. बरेच दिवस घेतल्यास तेवढाच आराम मिळण्यासाठी जास्त मात्रा लागू लागते. गोळी अचानक थांबवली की घाम, बेचैनी, जुलाब, अंगदुखी सुरू होते. ‘दुखणे परत आले’ असे समजून मूल पुन्हा गोळी घेते.

खेळाडूंना धोका अधिक का?

स्पर्धा किंवा निवड चाचणी तोंडावर असते. गोळी घेऊन सराव केला तर वेदनेचा इशारा दबतो आणि अर्धवट भरलेली दुखापत वाढते. मैदानावर मित्राच्या गोळ्या वाटून घेणेही सर्रास चालते.

लक्षात ठेवा : भारतात ट्रॅमाडॉल 2018 पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते, चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 1 जानेवारी 2024 पासून स्पर्धेदरम्यान त्यावर बंदी घातली आहे.

घरी काय करावे?

• डॉक्टरांना विचारा : यात ओपिऑइड आहे का? किती दिवस घ्यायचे? थांबवायचे कसे?
• घरात कोणाला व्यसन किंवा मुलाला फिट येण्याचा त्रास असेल, तर आधीच सांगा. ट्रॅमाडॉलमुळे फिट येऊ शकते.
• गोळ्या मोठ्यांनी स्वतःकडे ठेवाव्यात आणि मोजून द्याव्यात.
• काही गोळ्यांत ट्रॅमाडॉलसोबत पॅरासिटामॉलही असते. वेगळी पॅरासिटामॉल देण्यापूर्वी विचारा. जास्त मात्रेने यकृताला इजा होते.
• दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत हे औषध कधीही घेऊ नये.
• बर्फाचा शेक, विश्रांती आणि फिजिओथेरपी टाळू नका.
• जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा गोळ्या आणू नका.

व्यसनाच्या भीतीने सांगितलेले औषध परस्पर बंदही करू नका. वेदना आवरली नाही तर व्यायाम होत नाही आणि सांधा आखडतो.

ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना भेटा

गोळ्या वेळेआधी संपणे, प्लास्टर निघाल्यावरही गोळीचा हट्ट, दिवसा गुंगी, चिडचिड, सरावाला दांडी, पैशांबाबत लपवाछपवी.

तातडीची स्थिती

मूल हलवूनही जागे होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, ओठ निळे पडले असतील किंवा फिट आली असेल, तर लगेच 108 वर फोन करा. मुलाला कुशीवर झोपवा, एकटे सोडू नका आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्या.

मदत कुठे मिळेल?

परळचे केईएम आणि मुंबई सेंट्रलचे नायर या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसची 14416 ही हेल्पलाइन आहे. सवय लागली असेल तर मुलाला रागावू नका आणि गोळ्या एकदम काढूनही घेऊ नका. डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात. लवकर सांगितले, तर मूल पुन्हा मैदानावर उतरू शकते.