लर्निंगचा पेपर

धुळे (एमएच-१८) असो की जळगाव (एमएच-१९), लर्निंग लायसन्सचा अभ्यास म्हणजे आदल्या रात्री चिन्हं पाठ करणं. पण हा पेपर आला कुठून? १९८८चा मोटार वाहन कायदा आणि १९८९चे केंद्रीय नियम. त्यातला नियम ११ चारच गोष्टी विचारतो: चिन्हं नि रस्त्याचे नियम, अपघातानंतर चालकाचं कर्तव्य, मानवरहित रेल्वे फाटकावरची काळजी, सोबतची कागदपत्रं. ६० टक्के बरोबर, की पास!

ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं २०१९पर्यंत संपली. २०२१पासून महाराष्ट्रात ही परीक्षा घरबसल्याही देता येते. अपघाताचा प्रश्न मात्र जुना होत नाही: जखमीला आधी दवाखान्यात न्या, पोलिसांना कळवा. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हायवे एकमेकांना छेदतात. तिथे उरलेले ४० टक्के चुकून चालत नाही.